गायमुखच्या चढावरचा काटा

जानेवारीत शहाडला सकाळचं धुकं नदीवरून येतं आणि पुलाखालून थेट दुकानांच्या ओळीत घुसतं. त्याला जलपर्णीचा ओला, कुजका वास असतो. त्या धुक्यात सगळ्यात आधी शटर वर जातं ते शिवराम ओव्हाळचं. कानटोपी, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि हातात झाडू. आदल्या दिवसाचा केर शिवराम फेकून देत नाही. बायकोनं, म्हणजे केशरबाईनं, टाकायला काढलेली पिठाची चाळण त्यानं दुकानात आणून ठेवलीय. केर त्या चाळणीत घालायचा आणि पेपरावर हलक्या हातानं चाळायचा. धूळ खाली जाते, वर राहतात ते स्क्रू. कुठले तिळाएवढे, कुठले मोहरीएवढे.

शेजारचा चहावाला सहदेव हे रोज बघतो आणि रोज तेच बोलतो, की मामा, एक लोहचुंबक आणा ना, दोन मिनिटांचं काम. शिवरामचं उत्तरही ठरलेलं. काट्यांच्या दुकानात चुंबक म्हणजे खुराड्यात मुंगूस.

बोर्डावर 'ओव्हाळ मीटर रिपेरिंग' लिहिलंय, पण शहाडपासून पार ठाण्यापर्यंत त्याला ओळखतात ते 'काटेवाला' म्हणून. ज्याला काटा आहे ते सगळं त्याच्याकडे येतं. मोटरसायकलचे स्पीडोमीटर, वेल्डरच्या सिलिंडरवरची दाब दाखवणारी घड्याळं, डॉक्टरांची बीपीची यंत्रं, एकदा तर मोहन्याच्या मच्छीवालीचा स्प्रिंगचा तराजू. एके काळी रिक्षांचे झेंडीवाले मीटर असायचे, दुकानापुढं रिक्षांची रांग लागायची. मग नुसते आकडे दाखवणारे मीटर आले आणि रांग संपली. शिवराम काही उठला नाही. त्रेसष्ट वर्षांचा झाला तरी रोज आठला हजर. लेक मृणाल म्हणते, पप्पा, बंद करा आता. तो म्हणतो, डोळ्यांना सांगू दे, तू नको सांगू.

हे काम तो शिकला डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका रसायनाच्या कारखान्यात. तिथं काट्यांचं सगळं खातं हरिहर साहेब नावाच्या माणसाकडं होतं. एकदा बॉयलरच्या प्रेशरचा काटा फक्त दुसऱ्या पाळीत नाचायला लागला. तिघांनी तीन वेळा घड्याळ बदललं, तरी काटा नाचतोच. हरिहर साहेबांनी पाना हातात घेतलाच नाही. ते दुसऱ्या पाळीच्या माणसाजवळ जाऊन बसले आणि त्याला विचारलं, तू डबा कुठं ठेवतोस? तर तो घड्याळाच्या नळीलाच अडकवत होता. मशीन हललं की डबा हलायचा आणि डबा हलला की काटा. तेव्हापासून शिवरामच्या डोक्यात बसलं, डायल उघडायच्या आधी डायल वाचणाऱ्याला विचारायचं. कारखाना पुढं बंद पडला, हरिहर साहेबही गेले, पण ही सवय राहिली. लोक काटा दाखवायला येतात आणि शिवराम त्यांच्या घरची चौकशी करत बसतो. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा चहाची वेळ काढतोय.

त्या बुधवारी धुकं विरायच्या सुमाराला दुकानापुढं पर्सीची गाडी येऊन थांबली.

ही गाडी सहदेवच्या बाकड्यावरचा प्रत्येक जण ओळखतो. बाटलीच्या हिरव्या रंगाची, दोनच सीटची, छप्पर मागं दुमडणारी विलायती स्पोर्ट्स कार. अडुसष्ट सालची. पर्सी घोन्साल्विस मूळचा उत्तनचा, मच्छीमाराच्या घरातला, पण सगळी नोकरी बंदरात क्रेनवर झाली आणि राहायला ठाण्यात, वर्तकनगरला. बोटीवरच्या एका कॅप्टनकडून त्यानं ही गाडी घेतली आणि पोटच्या पोरीसारखी सांभाळली. आता सत्तरीला आलाय. दर रविवारी बायकोला, बर्नाडेटला, शेजारी बसवून घोडबंदरवरून उत्तनला जायचं, तिथं चर्चमध्ये मिस्सा, मग मेव्हणीकडं जेवण, दुपारी परत. तीस वर्षांत हे चुकलं असेल ते पोरीच्या बाळंतपणाला आणि कोविडात.

आता चुकत होतं. पर्सीनं सांगितलं ते असं. गायमुखचा चढ लागला की टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडं धावतो. गाडी बाजूला घ्यावी, दहा मिनिटं थांबावं, की उतरतो. गेल्या पावसाळ्यापासून हे चाललंय. ठाण्याच्या मेकॅनिकनं रेडिएटर उघडला, दुसऱ्यानं पंप बदलला, तिसऱ्यानं सेन्सर. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी घाटात नेली की काटा गरीब गाईसारखा मध्यावर. पर्सी बायकोला घेऊन गेला की पुन्हा लाल. नाताळाच्या आदल्या रविवारी दोघं घाटात तास-दीड तास ट्रकांच्या धुरात उभी राहिली आणि बर्नाडेटनं जाहीर केलं, आता ह्या गाडीत पाऊल ठेवणार नाही. पोरीनं परदेशातून फोनवर सांगितलं, विकून टाका. पुण्याचा एक शौकीन तयारच होता. सगळं ओरिजिनल आहे म्हणून त्याचा जीव अडकलेला. रविवारी संध्याकाळी तो येणार होता.

"गाडी गेल्याचं दुःख नाय रे शिवराम," पर्सी बाकड्यावर बसत म्हणाला. "पण ती शेजारी बसत नसेल तर मी एकटा हिच्यात बसून काय करू? काटा सरळ कर. नाय झाला तर रविवारी चावी देऊन टाकतो."

शिवरामनं मान हलवली खरी, पण टेम्परेचरची डायल म्हटल्यावर त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. तिच्यात काय आहे हे जगात एकट्या त्यालाच माहीत होतं.

अठ्ठ्याण्णव साली ही डायल मेली तेव्हा पर्सीनं ती त्याच्याचकडं आणली होती. मूळची डायल उष्णतेवर चालणारी. आतल्या पट्टीवर केसासारख्या तारेचे वेढे, तार तापली की पट्टी वाकते आणि काटा सावकाश उठतो. ती तार जळली होती, तशी तार तेव्हा मिळेना, आणि पर्सीच्या लग्नाचा वाढदिवस चार दिवसांवर आलेला. शिवरामनं कुर्ल्याच्या भंगारातून एका जीपची कॉइलवाली डायल आणली, तिच्यावर पर्सीच्या डायलचा विलायती चेहरा बसवला, मूळचा काटा लावला, खाली त्याच जातीचा सेन्सर जोडला. काम इतकं बेमालूम झालं की स्वतः इंग्रज आला असता तरी फसला असता. पर्सीला त्यानं सांगितलं, दुरुस्त झाली. बदलली असं काही सांगितलं नाही. तेव्हा ते खोटं वाटलंही नव्हतं, हुशारी वाटली होती. पुढं पर्सी ज्याला त्याला अभिमानानं सांगायला लागला की माझ्या गाडीत एक स्क्रूसुद्धा बाहेरचा नाही, तेव्हा सांगायची वेळ निघून गेली होती.

शिवरामनं गाडी तपासायला घेतली. वायरी धरून हलवल्या, बॉडीचं कनेक्शन घासून साफ केलं, सेन्सर काढून सहदेवच्या चहाच्या पातेल्यात नुसतं पाणी उकळून त्यात बुडवला, शेजारी थर्मामीटर धरला. काटा पाण्याबरोबर चढला, पाण्याबरोबर उतरला. एका रेषेचाही फरक नाही. पातेल्याचं काय करायचं ते आधी सांगा, असं सहदेव म्हणत राहिला. शेवटी नवं पातेलं द्यायचं कबूल करून शिवराम बाकड्यावर येऊन बसला आणि त्यानं आपला नेहमीचा प्रश्न काढला.

"काटा चढतो तेव्हा गाडीत कोण असतं?"

"मी आणि बर्नाडेट. सीटाच दोन."

"आणि चढत नाही तेव्हा?"

पर्सीनं बोटांवर एकेक फेरी मोजली. चढत नाही तेव्हा बर्नाडेट नसते. मग त्यालाच हसू आलं. म्हणाला, म्हणजे बायकोला बघून तापते म्हणतोस? मी तर पंचेचाळीस वर्षं तेच सांगतोय.

संध्याकाळी घरी शिवरामनं हे केशरबाईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माझा पारा कशानं चढतो ते कळायला तुम्हाला पस्तीस वर्षं लागली. त्या बिचाऱ्या गाडीचं चार दिवसांत कसं कळंल?"

पण बर्नाडेटला गाडीत बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. फोन शिवरामनंच केला. पलीकडून बाई उत्तनच्या बोलीत कडाडली, "मी त्या गारीत बसाची नय, शिवराम. मना मारायचाय काय तुमी दोघांनी?" शिवरामनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाई, गाडी मी चालवतो, पर्सीभाऊ खाली थांबतील. काटा चढला आणि मला कारण सापडलं नाही, तर गाडी विका म्हणून मीच त्यांना सांगीन. पर्सीनं तीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातात चावी दिली नाही हे तिला ठाऊक होतं. तो खाली थांबणार आणि दुसराच माणूस गाडी घेऊन जाणार, हे बघायला मिळेल म्हणून की काय, ती शनिवारी यायला तयार झाली.

शनिवारी सकाळी साडेसहाला घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर पर्सीनं चावी शिवरामच्या हातात ठेवली. चेहरा असा की नुकतंच लेकीला सासरी पाठवलंय. क्लच हळू, एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

रस्ता मोकळा होता. बर्नाडेट मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली, डोक्याला स्कार्फ. काटा मध्यावर. शिवरामचा एक डोळा रस्त्यावर आणि एक डायलवर. पहिलं वळण आलं तशी बाईनं पर्स उघडली, आतून रुपयाच्या जुन्या नाण्याएवढं एक पदक काढलं, ओठांना लावलं आणि समोरच्या पत्र्याच्या डॅशबोर्डवर, डायलच्या अगदी शेजारी, टक् करून चिकटवलं. प्रवाशांचे संत, संत क्रिस्तोफर. मेमध्ये बहिणीनं वसईच्या जत्रेतून आणून दिलेलं.

काटा उठला. शाळेची घंटा झाल्यावर पोरं उठतात तसा, एकदम.

"बघ," बाई म्हणाली. "चालू झालं ह्याचं."

शिवरामनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवून खाली उतरला, बॉनेट उघडून रेडिएटरच्या पाइपाला हात लावला. पाइप तापलेला, पण हात ठेवता येत होता. परत येऊन बसला तोवर बर्नाडेटनं पदक काढून दोन्ही तळव्यांत धरलं होतं आणि डोळे मिटून ती पुटपुटत होती. काटा मध्यावर आला.

"ऐकतो तो माझं," तिनं डोळे उघडून सांगितलं. "दर वेळेला ऐकतो."

शिवराम स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. घोडं कुठं पेंड खातंय ते त्याला दिसलं होतं. पदकाच्या पाठीला चुंबक, आणि त्यानं स्वतः बसवलेल्या डायलमध्ये कॉइल, जी काटा हलवते तीच मुळी चुंबकाच्या ओढीनं. मूळची डायल असती तर तिच्यापुढं शंभर संत चिकटवले असते तरी काटा हलला नसता. घरी गेल्यावर पदक पर्समध्ये, म्हणून ते एकाही मेकॅनिकला दिसलं नव्हतं.

सोपा रस्ता समोरच होता. बाई, हे पदक हातातच धरत जा, पत्र्यावर नको, एवढं म्हटलं की काम फत्ते. काटा पुन्हा चढायचा नाही, बाई गाडीत बसायची, गाडी घरात राहायची आणि अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट कुणाला कळायची नाही. शिवरामनं तोंड उघडलंही. पण बाजूला ही बाई त्या पदकाकडं ज्या मायेनं बघत होती ते बघून त्याला ते वाक्य बोलवेना. आपली लबाडी झाकायला दुसऱ्याच्या देवाला कामाला लावायचं, हे त्याच्या बापानं शिकवलं नव्हतं, आणि बाबासाहेबांनी तर नाहीच नाही.

"बाई, परत एकदा तिथंच लावा," तो म्हणाला.

तिनं लावलं. काटा चढला.

"काढा."

काटा उतरला. बाईनं न सांगता तिसऱ्यांदा लावून बघितलं, काढून बघितलं. मग तिचा चेहरा पडला. पदक मुठीत घेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे ह्याच्यानंच व्हतं? मी त्याला गाऱ्हानं घालतेय आन तोच..."

"त्याचं काही नाही, बाई. तो त्याच्या जागी बरोबर आहे. माझं चुकलंय." आणि शिवरामनं त्या वळणावर, बाजूनं ट्रक जात असताना, सगळं सांगितलं. जळलेली तार, कुर्ल्याचं भंगार, वरचा चेहरा, सत्तावीस वर्षं. बाईनं सगळं ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, पर्सीला म्हाईत हाय? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग खाली चल.

खाली टपरीवर पर्सीनं ऐकलं. चहाचा कप हातात तसाच. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून डायलच्या काचेतून बघितलं, जणू आतला जीपवाला बाहेर डोकावेल.

"म्हणजे मी सगळ्यांना सांगत आलो, सगळं ओरिजिनल..."

"हो."

"आणि तू बाजूला उभा राहून ऐकत आलास."

शिवरामनं पुन्हा हो म्हटलं. त्याला जे सांगायचं होतं ते त्यानं आटपून घेतलं, की जुनं मशीन मी टाकलेलं नाही, अजून डब्यात आहे, तशी तार आता मिळते, एक दिवस द्या. त्यानं चावी घेतली, बर्नाडेट बसली की नाही ते बघितलं आणि गाडी गेली. तशीही तिसऱ्याला जागा नव्हतीच. शिवराम बसनं परतला. कल्याण येईपर्यंत त्याला वाटत राहिलं, गेलं गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकापेक्षा जास्त जे होतं तेही गेलं.

तरीही त्यानं दुकानाच्या माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. मेलेली मशीनं तो फेकत नाही. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली असते. पर्सीची चिठ्ठी पिवळी पडली होती, अक्षर मात्र तरण्या हाताचं. जळालेली तार सोडवून त्यानं नवी घेतली. पण केसाएवढ्या तारेचे शेजारी शेजारी वेढे घालायला डोळे साथ देईनात. तिसऱ्यांदा तार तुटली तेव्हा तो सगळं रुमालात बांधून घरी घेऊन गेला. केशरबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गोधडी शिवताना सुईत दोरा ती एका दमात ओवते. तिनं ऐकून घेतलं, मग हात पुसले, खिडकीपाशी पाट ओढला आणि म्हणाली, द्या इकडं, आणि तुम्ही श्वास जरा तिकडं सोडा. उन्हं कलायच्या आत वेढे घालून झाले होते, एकाला एक लागून, गोधडीच्या धावदोऱ्यासारखे.

रविवारी सकाळी शिवरामनं शटर उघडलं. रविवारी तो दुकान उघडत नाही. पर्सी येईल असं त्याला वाटत नव्हतं, पण डायल तयार होती आणि तयार वस्तू गिऱ्हाईक येईपर्यंत दुकानात असावी, एवढाच त्याचा हिशेब. साडेसातला धुक्यातून दोन गोल दिवे आले. शेजारच्या सीटवर स्कार्फ होता.

पर्सी उतरला आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाला, पुणेवाल्याला काल फोन केला. डायल भंगारातली आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, चालेल. मग मी म्हटलं, तुला चालेल, पण आता मला विकायची नाय.

"खोटं," बर्नाडेट आतून म्हणाली. "फोन मी घेतला हातातून. ह्याला बोलता येत नव्हतं."

शिवरामनं डायल बसवली, खालचा सेन्सर त्याच्या जोडीचा लावला. तासभर गेला. सहदेवनं नव्या पातेल्यातला चहा आणून दिला आणि पातेलं नवं आहे हे दोनदा सांगितलं. इंजिन सुरू झालं. काटा उठेना. पर्सीनं काचेवर टिचकी मारली.

"हा सावकाश उठतो," शिवराम म्हणाला. "म्हातारा आहे. आपल्यासारखा."

काटा निघाला, रमतगमत मध्यावर आला आणि बसला. बर्नाडेटनं पर्स उघडली. पदक ओठांना लावलं आणि शिवरामकडं बघत, जरा भीत भीत, बरोबर त्याच जागी चिकटवलं. तिघं वाकून बघत राहिले. काटा हलला नाही. संत आणि काटा शेजारी शेजारी, एका बाकड्यावर बसल्यासारखे.

"ह्याला इथंच ठेवते आता," ती म्हणाली. "पर्समदी नय."

पर्सीनं छप्पर मागं दुमडलं. निघताना त्यानं शिवरामच्या खांद्यावर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा जरा जड होता. म्हणाला, दुपारी मेव्हणी डब्यात बोंबील देईल, येताना टाकतो. आणि शिवराम, अजून काय काय बदललंयस ह्या गाडीत? आताच सांग.

शिवरामनं विचार करून सांगितलं, एक स्क्रू. आत्ता बसवताना मूळचा खाली पडला, म्हणून दुसरा लावलाय.

बर्नाडेटनं लगेच पदक उचकटायला हात नेला. म्हणाली, थांब, ह्याला लाव जमिनीला, आता सापडंल. शिवराम दुकानाच्या दारात आडवाच झाला. राहू द्या, बाई, म्हणाला, त्यांना त्यांच्या जागी राहू द्या, आत चुंबक नको, स्क्रू शोधायला मी एकटा पुरेसा आहे.

गाडी पुलाकडं वळेपर्यंत तो उभा राहिला. मग कानटोपी सारखी केली, खुंटीवरची चाळण काढली, दारातला केर झाडूनं एका जागी आणला आणि पेपर पसरून उकिडवा बसला. सहदेवनं आज चुंबकाचं नाव काढलं नाही. धूळ हळूहळू पेपरावर पडत राहिली.